खिळ्यावरचे चार नट

माझ्या भावोजींना बाजारात सगळे डावरे मिस्त्री म्हणतात. ते डावखुरे आहेत, एवढंच कारण. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो आणि या माणसाशी काय बोलायचं हे मला कळत नव्हतं. आता मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते फारसं कळलेलं नाही. माझा जन्म पाणीखात्याच्या टेबलावर कागद सरळ करण्यात गेला, त्यांचा गाड्यांच्या पोटाखाली. निवृत्तीनंतर घरात माझी अडचण व्हायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "दुकानात जाऊन बस. निदान फोन तरी घेशील." तेव्हापासून मी रोज दहा वाजता जातो, माझी छत्री आतल्या भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला अडकवतो आणि फोनजवळच्या स्टुलावर बसतो. ऊन असो, पाऊस असो, छत्री बरोबर असतेच. तो खिळा माझाच, असं सगळे समजतात.

दुकान म्हणजे एका लांबट गाळ्यात एक खड्डा, वर गाडी, खाली भावोजी. कामही एकच. गाडीचा धूर जिथून जातो त्या नळीचं, सायलेन्सरचं आणि त्या दोघांच्या मध्ये बसलेल्या कन्व्हर्टरचं. हा कन्व्हर्टर काय प्रकार आहे हे मी भावोजींना दहा वेळा विचारलं असेल. दहाही वेळा त्यांनी समजावलं आणि दहाही वेळा मी मान हलवली. मला कळलं ते असं: बाहेरून पोलादी डबा, आत चिनी मातीची बारीक जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. त्या जाळीला महागडा धातू माखलेला असतो. विषारी धूर एका बाजूने आत शिरतो, दुसऱ्या बाजूने जरा सभ्य होऊन बाहेर पडतो. तो मध्येच सभ्य कशामुळे होतो, ते विचारू नका.

ही जाळी कधी फुटते, कधी वितळते, कधी काजळीने बुजते. कंपनीवाले म्हणतात, अख्खा कन्व्हर्टर नवीन घ्या. जुन्या गाडीला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. भावोजी डबा तोच ठेवतात. कडेने कापतात, फुटकी जाळी काढतात, त्याच मापाची नवीन जाळी आत बसवतात, भोवती उष्णतेने फुगणारी गादी गुंडाळतात आणि डबा परत वेल्डिंगने शिवून टाकतात. खर्च निम्म्याहून कमी. काही गॅरेजवाले त्याहून स्वस्तात करतात. ते जाळी काढतात आणि आत काहीच न घालता डबा बंद करतात. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? गाडी तर उलट जास्तच जोरात पळते. अशा लोकांबद्दल भावोजी एकच वाक्य बोलायचे, "आपल्या पोराबाळांच्या नाकात धूर सोडतात." या एका बाबतीत त्यांच्या नावाला डाग नव्हता आणि त्याचा त्यांना गर्व होता. दुसरा कसलाही गर्व मी त्यांच्यात पाहिलेला नाही.

माझंही या दुकानाला काहीतरी देणं आहे, ते सांगतो. मी नवीन आलो त्याच महिन्यात भावोजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ते घरी होते. शेजारचा रेडिएटरवाला येऊन अडलेली कामं करायचा आणि मी दुकान सांभाळायचो. त्या तीन आठवड्यांत मी ते दुकान माणसात आणलं. पाने मापाप्रमाणे लावले. खिळ्याखुंट्यांवर लोंबणाऱ्या तारा, वायसर, गंजके नट, सगळं उतरवलं, वेगळं केलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून फळीवर मांडलं. माझ्या हस्ताक्षरातल्या त्या चिठ्ठ्या अजून आहेत. भावोजी परत आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "वा, साहेब." मला ते प्रमाणपत्र वाटलं.

आता त्या मंगळवाराकडे येतो.

मंगळवारी सकाळी एक नर्सबाई लाल रंगाची छोटी गाडी घेऊन आल्या. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करतात, दिवसाला नऊ घरं. गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली होती. पूर्वी तपासणी म्हणजे एक माणूस नळीकडे बघून मान डोलवायचा. यंदा नवीन यंत्र आलंय, ते मान डोलवत नाही. शुक्रवारी फेरतपासणी होती. तीत नापास झाली तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

"दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली हो," बाई म्हणाल्या. "मला काय माहीत आत काय आहे."

"आतली जाळी गेली असेल," भावोजी म्हणाले. "बदलून देतो. शुक्रवारच्या आत."

त्यांनी डबा उतरवला, शिकंज्यात धरला आणि कडेने कापला. झाकण उचललं. मी स्टुलावरून वाकून बघितलं. आत काहीच नव्हतं. फुटकी जाळी नाही, तुकडे नाहीत, चिमूटभर काजळी आणि पोकळी.

"आतलं कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सुरू झालो. कुठल्या भामट्याने हे केलं असेल, लोकांना लाज कशी वाटत नाही, अशा माणसाचं दुकान कायमचं बंद करायला पाहिजे, वगैरे. पाणीखात्यात मी असंच बोलायचो आणि समोरचा माणूस अर्ध्यातच निघून जायचा. बाई मान हलवत ऐकत होत्या. भावोजी मात्र झाकणाची कड बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बाईंना म्हणाले, "या मापाची जाळी संपलीय, गुरुवारी येईल. तुमची शुक्रवारची तपासणी चुकणार नाही." बाई बसने गेल्या.

त्या गेल्यावर भावोजींनी मला जवळ बोलावलं आणि झाकणाच्या जुन्या सांध्यावर बोट ठेवलं.

"हा टाका बघा."

मला वेल्डिंगमधलं काय कळतंय? पण सात वर्षं समोर बसून एक गोष्ट मलाही दिसायला लागली होती. बाकीच्यांचे टाके डावीकडून उजवीकडे जातात, भावोजींचे उजवीकडून डावीकडे. आणि शेवटी, काम संपवताना, ते दोन ठिपके देतात. त्यांच्या उस्तादांनी लावलेली सवय. बाजारातला कुठलाही मिस्त्री ते दोन ठिपके बघून सांगेल की हे डावऱ्याचं काम. त्या झाकणावर टाके उजवीकडून डावीकडे गेले होते. शेवटी दोन ठिपके होते.

"तुमच्यासारखाच कुणीतरी डावखुरा असेल," मी म्हणालो.

"हा माझा हात आहे." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आणि मला आठवत नाही. ही गाडी आठवत नाही, हे काम आठवत नाही. काहीच आठवत नाही."

या माणसाने रिकामा डबा बंद करून गिऱ्हाइकाला देणं शक्य नव्हतं. आणि टाका तर त्यांचाच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? मी कार्यालयात असे कागद पाहिले आहेत, दोन्हीवर सही बरोबर आणि मजकूर उलटा. तिथे आम्ही तिसरा कागद तयार करायचो. इथे तशी सोय नव्हती.

"ताईला सांगू नका," ते म्हणाले.

ते का म्हणाले ते मला लगेच कळलं. भावोजींचे वडील शेवटची सहा वर्षं सगळं विसरले होते. सुरुवात अशीच झाली होती, केलेलं काम आठवेना इथपासून. शेवटी त्यांना मुलगा ओळखू येईना, सून ओळखू येईना. दिवसभर एकच विचारायचे, "किल्ली कुठे आहे?" कसली किल्ली ते कुणालाच माहीत नव्हतं. भावोजी त्यांना स्वतःच्या हाताने भरवायचे आणि दर वेळी सांगायचे, "माझ्याकडे आहे, बाबा." मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही घरी त्या दिवसांबद्दल बोलत नाही.

बुधवारी भावोजी नीट काम करत होते, पण हातातलं काम थांबवून मध्येच मला विचारायचे.

"परवा आपण कुठल्या गाड्या केल्या?"

"पिठाच्या गिरणीवाल्याची आणि ती हिरवी."

"हिरवीचं काय केलं?"

"नळीचा सांधा गळत होता."

"बरोबर," ते म्हणायचे, आणि जरा वेळाने, "मला आठवत होतं." मग पाढे. पाना फिरवता फिरवता एकोणतीसचा पाढा पुटपुटायचे. मी मनात त्यांच्याबरोबर म्हणत होतो आणि एकोणतीस सातेला मीच अडकलो. ते अडकले नाहीत. हे मी त्यांना सांगायला हवं होतं, पण माझाच गोंधळ उडालेला. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. त्यांच्यासाठी तर वाटतच होती, पण ताईसाठी जास्त. एकदा सासऱ्यांचं केलं, आता नवऱ्याचं करायचं?

संध्याकाळी ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "यांचं काय बिनसलंय? कालपासून शीळ वाजवत नाहीत. आणि सकाळी फडताळ उघडून उभे होते. मी विचारलं काय हवंय, तर म्हणाले, काही नाही, डाळ कुठे असते ते बघतोय. पन्नास वर्षांत यांनी कधी डाळ बघितली नाही."

"डाळ सापडली का पण?" मी विचारलं.

"सापडली की. का?"

"सहजच," मी म्हणालो. मी तिला ताकास तूर लागू दिली नाही, पण तिने माझ्याकडे जे बघितलं त्यावरून तिला पुष्कळ काही कळलं असावं.

गुरुवारी जाळी आली. भावोजींनी ती गादीत गुंडाळली, डब्यात बसवली, डब्यावरच्या बाणाची दिशा दोनदा तपासली. मग मलाही तपासायला लावली. असं त्यांनी आजवर कधीच केलं नव्हतं. मला तो बाण कुठे जायला हवा हे माहीत नव्हतं, तरी मी बरोबर आहे म्हणालो. मग त्यांनी वेल्डिंग सुरू केलं. उजवीकडून डावीकडे. शेवटी एक ठिपका दिला आणि हात थांबला. दुसरा द्यायचा की नाही याचा ते विचार करत होते. मग दिला.

काचेचा मुखवटा वर करून ते म्हणाले, "हे शेवटचं. शनिवारी दुकान बंद करू. तुम्ही गिऱ्हाइकांना फोन करून सांगा."

"अहो पण..."

"ज्याला आपण काय केलं ते आठवत नाही, त्याने हातात आग धरू नये. एखाद्या दिवशी पेट्रोलच्या टाकीजवळ विसरेन."

मी वाद घातला नाही. कसा घालणार? माझ्याकडे कागद नव्हता. मी नुसता डबा धरून उभा राहिलो आणि ते खड्ड्यात उतरून तो गाडीला लावायला लागले. डबा पुढच्या नळीला तीन नटांनी बसतो. त्यांनी उतरवलेले तीन जुने नट माझ्या हातात दिले होते. मी ते सवयीने तळहातावर रांगेत मांडले आणि मला राग आला.

"हे तीन नट एका जातीचे नाहीत," मी म्हणालो. "दोन जाड कॉलरचे, एक साधा. कुणी लावलाय हा? सेट मोडलाय."

"मीच लावला असेल," खालून आवाज आला. "काम अर्धं राहिलं की मी गाडीचा एक नट काढून ठेवायचो. त्या जागी साधा."

"कशाला?"

"लक्षात राहावं म्हणून. मला लिहायचा कंटाळा. जाळी यायला उशीर असेल आणि गिऱ्हाइकाला गाडी हवी असेल, तर डबा तात्पुरता रिकामाच बंद करून द्यायचा. त्या गाडीचा एक नट तारेत ओवून खिळ्याला टांगायचा. जाळी आली की गाडीला बोलवायचं, काम पुरं करायचं, नट भंगारात टाकायचा. खिळा रिकामा म्हणजे कुणाचं काही राहिलं नाही. एकदा दोन महिने जाळ्याच आल्या नाहीत, तेव्हा बरेच लोंबत होते. पुढे मी माल भरूनच ठेवायला लागलो, तेव्हापासून नट टांगायची वेळ आली नाही." त्यांनी एक नवा नट चढवला. "तेच तर म्हणतोय. खिळा रिकामा होता, मला पक्कं आठवतंय. ऑपरेशनहून आलो तेव्हा रिकामा होता. मला वाटलं रेडिएटरवाल्याने सगळी कामं उरकली. मी त्याला नवा शर्टसुद्धा घेऊन दिला. आता वाटतं, तसं नसणार. मीच आधी कधीतरी नट काढले असणार, काम न करताच."

मी विचारलं, "कुठला खिळा?"

विचारायची गरज नव्हती. माझी मान आपोआप वळली होती. भिंतीवर मोठ्या खिळ्याला माझी छत्री लोंबत होती.

माणसाच्या पायाखालची वाळू सरकते म्हणतात. माझे कान गरम झाले. आधी मला वाटलं, न बोललो तर कुणाला कळणार आहे? मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, माझी एकही कुणाला सापडली नाही. आणि आता ही, भिंतीवर, सात वर्षं, माझ्याच छत्रीखाली. खाली भावोजी नट आवळत होते. पान्याचा आवाज येत होता. तेवढ्यात ते एकोणतीसचा पाढा पुटपुटायला लागले, आणि मला ते ऐकवेना.

"भावोजी," मी म्हणालो, "ते नट मी काढले."

पाना थांबला.

"तुम्ही घरी होता तेव्हा. मी भिंत आवरली. मला वाटलं कचरा आहे. तारा सोडवल्या आणि नट डब्यात टाकले."

ते खड्ड्यातून वर आले. हात पुसले नाहीत. "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"म्हणजे मी काढले नाहीत."

"नाही."

"मी विसरलो नाही."

"तुम्ही भिंतीला सांगून ठेवलं होतं. मी भिंत पुसली."

"परत सांगा," ते म्हणाले, आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं. मला वाटलं आता ते मला बोलतील. बोलायलाच हवं होतं. ते माझ्या स्टुलावर बसले आणि त्यांनी तोंड हातात धरलं. काळे हात होते, तोंड सगळं काळं झालं. ते रडत होते की हसत होते हे मला कळलं नाही, आणि मलाही त्या वेळी नीट दिसत नव्हतं.

मग ते उठले. "कुठे आहेत?"

डबा फळीवर सगळ्यात वर होता, "जुने, किरकोळ" अशी माझी चिठ्ठी लावलेला. जुना नट पुन्हा वापरायचा नाही हा भावोजींचा नियम, म्हणून त्या डब्याला सात वर्षांत कुणी हात लावला नव्हता. त्यांनी तो वर्तमानपत्रावर उपडा केला. चाळीसेक गंजके नट. गंजाने नि काजळीने मला सगळे सारखे.

त्यांनी बोटाने एक बाजूला ओढला. जाड कॉलरचा. माझ्या हातातल्या दोन नटांशेजारी ठेवला. जुळला.

"व्हायोलिन शिकवणारे मास्तर," भावोजी म्हणाले. "गाडी पांढरी होती तेव्हा. मागच्या सीटवर व्हायोलिनची पेटी पट्ट्याने बांधलेली. म्हणाले होते, रविवारी मुलीकडे जायचंय, तात्पुरतं करून द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लाल रंग दिलाय हो नंतर. मी ओळखणार कसा?"

दुसरा नट पितळी होता. "टॅक्सीवाला, बोलताना डोळे मिटायचा तो." तिसऱ्याचा एक कोपरा घासून गोल झाला होता. "हा माझ्याच हातून बिघडला, चुकीचा पाना लावला होता. शिंपीणबाईंची गाडी. आत बसलं की अंगाला दोरे चिकटायचे." बोलताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. सात वर्षांपूर्वीचं सगळं त्या नटांत बसलेलं होतं, मीच ते डब्यात घालून ठेवलं होतं.

"किती होते?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हणालो. मी उतरवताना मोजले होते. मी सगळंच मोजतो.

ते परत शोधायला लागले. एक उचलला, उजेडाकडे धरला, ठेवला. दुसरा उचलला. तो परत ठेवला. पहिला परत उचलला. कपाळावर आठ्या यायला लागल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो, आणि दोन दिवसांची ती भीती पुन्हा गाळ्यात येऊन उभी राहिलेली मला दिसली.

"तीनच असतील," मी म्हणालो. "माझी मोजणी चुकली असेल."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही मोजायला कधी चुकता, साहेब?"

"चुकतो," मी म्हणालो. "या वर्षीपासून चुकायला लागलोय. काल एकोणतीस साते येईना."

"दोनशे तीन," ते म्हणाले.

त्यांनी मास्तरांच्या गाडीचा नट उचलून भंगाराच्या पिंपात टाकला, तो सात वर्षांनी ठण्णकन वाजला. पितळी नट आणि गोल कोपऱ्याचा नट त्यांनी तारेत ओवले. माझी छत्री काढून माझ्या हातात दिली आणि दोन्ही नट खिळ्याला टांगले. मग तारेचा आणखी एक तुकडा तोडला, त्याचा फासा वळवला आणि तो तसाच, रिकामा, त्या दोघांच्या शेजारी लावला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"आठवेल. नाही आठवला तर गाडीच स्वतः येईल नापास होऊन. यंत्र आहे ना आता." ते खड्ड्याकडे वळले. "आणि शनिवारचे फोन करू नका."

लाल गाडी शुक्रवारी पास झाली. टॅक्सीवाला मला फोनवर पुढच्याच आठवड्यात सापडला, शिंपीणबाईंचा शोध अजून चालू आहे. ताईला सगळं मीच सांगितलं, माझ्या चुकीसकट. ती आधी मला पोटभर बोलली आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. रिकामा फासा खिळ्यावर तसाच आहे. भावोजी येता-जाता त्याच्याकडे बघतात, कधी शीळ वाजवत, कधी न वाजवता. मी विचारत नाही. छत्री मी आता दाराच्या कडीला अडकवतो.